सोड्याचं पाणी

अभिनंदन आण्णांच्या परसात शिरायचं म्हणजे आधी फाटकावरची पाटी वाचावी लागे. ‘विषमुक्त परसबाग. इथे एकही जीव मारला जात नाही.’ पाटी त्यांनी स्वतःच रंगवली होती, आणि येणाऱ्याने ती वाचली की नाही हे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. निपाणीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्या धुऊन आणि भरून निवृत्त झालेल्या माणसाला गावात एरवी कोण विचारतो? पण आण्णांना विचारत. सदलग्याच्या अलीकडच्या त्या गावात कुणाची मिरची पिवळी पडली, कुणाच्या वांग्याला फळ धरेना, की तो पिशवीत मातीचं ढेकूळ घालून आण्णांकडे यायचा. आण्णा ढेकूळ फोडणार, नाकाशी धरणार, डोळे मिटणार आणि मग निकाल देणार. यात निम्मं नाटक होतं. पण उरलेलं निम्मं ज्ञान होतं, आणि तेही खोटं नव्हतं.

त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. “थंड मुलखात बर्फ पडतोय. माती गोठती, चार म्हैनं झोपती, आन् त्यात किडंबी मरत्यात. आपल्याकडं पौषात लई झालं तर कानाला टोपी लागती, बर्फ कुठला? आपली माती बारा म्हैनं जागी. मग तिला बारा म्हैनं खायाला नगं?” ऐकणाऱ्या बायका माना डोलवत आणि घरी जाऊन पालापाचोळा जाळायचं थांबवत. माती जशी जागी असते, तशीच तिच्यातली कीडही बारा महिने जागी असते, हा भाषणाचा दुसरा भाग मात्र आण्णा सांगत नसत.

तो दुसरा भाग दिवाळीच्या आधी त्यांच्याच वाफ्यात निघाला. भिंतीकडेचा लांब वाफा, त्यात दुधी, दोडका आणि टोमॅटो. एका सकाळी टोमॅटोचं झाड मान टाकून उभं दिसलं. हात लावला तर मुळाशिवाय अलगद वर आलं. खाली उकरलं, तर बोटाएवढी पांढरी हुमणी वेटोळं करून पडलेली. एक नाही, वीतभर जागेत सात.

आण्णांनी तीन दिवस अळ्या वेचल्या. मारायच्या नव्हत्या, म्हणून डब्यात घालून ओढ्यापलीकडच्या पडीक जागेत सोडून आले. साठी उलटलेला माणूस उन्हात डबा घेऊन चाललेला बघून पोरं हसली. चौथ्या दिवशी आणखी पाच झाडं पडली. आणि गुरुवारी गावातल्या महिला मंडळाच्या बायका परसबाग शिकायला येणार होत्या. या बायकांना आण्णा मेलेली झाडं दाखवणार होते काय?

गावातल्या जैन बस्तीत, म्हणजे देवळात, देवासमोर हात जोडून त्यांनी तीन वर्षांपूर्वी नियम घेतला होता, की परसात किडामुंगी मारणार नाही. नियम मोडायचाच तर निदान ओळखीच्या दुकानात जाऊन तरी मोडायचा नाही, एवढी लाज त्यांच्यात शिल्लक होती. म्हणून ते गाडी काढून थेट संकेश्वरला गेले आणि हेल्मेट न काढताच हुमणीचं दाणेदार औषध मागितलं. दुकानदाराने विचारलं, “ऊस किती?” आण्णा म्हणाले, “एक एकर.” आण्णांकडे एक गुंठाही ऊस नव्हता. पहिलं खोटं इतकं सहज निघालं की त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. बुधवारी दुपारी, बायको रचना बस्तीत गेली असताना, त्यांनी दाणे वाफ्यात टाकले, माती ओढली, वर भरपूर पाणी दिलं आणि कोपरापर्यंत हात धुतले.

गुरुवारी सकाळी वाफा हलत होता. जमिनीतली गांडुळं वर आली होती, शेकडो. काही अजून वळवळत होती, बाकीची ताठ होऊन पडली होती. आण्णांनी पाच वर्षं शेणकाला, गूळ, ताक घालून ती वाढवली होती. पाहुण्यांना मूठभर माती उचलून दाखवायचे, आणि मुठीत चार गांडुळं निघाली की लेकरू बघावं तसे बघायचे. ते तिथंच उभे राहिले. फावडं घेऊन सगळं झाकावं असं मनात येईपर्यंत फाटक वाजलं आणि महिला मंडळाच्या अकरा बायका आत आल्या.

“आगं बाई, हे काय झालं?” रचना मागच्या दारातून धावत आली. “आण्णा, ही अशी कशानं मेली वं?” एक बाई विचारत होती. सगळ्या आण्णांकडे बघत होत्या, कारण मातीचा निकाल नेहमी आण्णाच देत.

नळाशी धोंडूबाई भांडी घासत होती. चौदा वर्षं ती या घरात भांडी घासत होती आणि निम्म्या बागेची खुरपणीही तिच्याच हातची होती. तिच्या नळाचं पाणी मोरीतून जाई, मोरी वाफ्याच्या बाजूने जाई. आण्णांची नजर तिच्यावर पडली आणि तिथून त्या मोरीवर घसरली.

“भांड्याचं सोड्याचं पाणी शिरलं वाटतंय वाफ्यात,” ते म्हणाले.

एवढंच. नाव कुणाचं घेतलं नाही. पण भांडी घासणारी घरात एकच होती. रचना वळली आणि अकरा बायकांसमोर धोंडूबाईला बोलली. कितीदा सांगितलं पाणी बघून सोड, किती जीव गेले बघ तुझ्या हातनं, ही पापं कुठं फेडायची. धोंडूबाई राख-सोड्याचे हात तसेच घेऊन आली. वाफ्याकडे बघितलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. “मी तर रोज त्यातनंच सोडत्ये,” असं ती पुटपुटली, पण कुणी ऐकलं नाही. आण्णांनी ऐकलं. मग तिने खाली बसून मेलेली गांडुळं एकेक करून सुपात गोळा केली आणि नारळाच्या बुंध्याशी पुरली. अर्धा तास ती ते काम करत होती आणि आण्णा तेवढा वेळ बायकांना पालापाचोळ्याचे थर कसे द्यायचे ते शिकवत होते. आवाज जरासा चढलेला होता, एवढाच फरक.

आठवड्याभराने गुडघे दुखतात म्हणून धोंडूबाईने काम सोडलं. गुडघे तिचे दहा वर्षं दुखत होते. आणखी दोन घरांनी तिला नको म्हटलं, कारण पौषात महाराज येणार होते. दिगंबर मुनी विहार करत गावात चार दिवस थांबणार, घरोघरी आहाराची तयारी होणार, तेव्हा स्वयंपाकघराच्या आसपास हात कसा जपून वागणारा हवा. आण्णा हे ऐकत होते. रोज सकाळी दात घासताना ठरवायचे की आज रचनाला सांगू. चहा होईपर्यंत ते ठरवणं विरघळून जायचं.

हुमणी मात्र खरोखर मेली. वेल फोफावले. दुधी असे लागले की भिंतीवरून बाहेर लोंबायला लागले आणि चुलतभाऊ वृषभ पलीकडून ओरडून कौतुक करायला लागला. आण्णांनी त्यातला एकही घरात शिजू दिला नाही. आज जून झालाय, उद्या कडू लागतोय, असं म्हणत ते दुधी तोडून खड्ड्यात टाकत. आपल्याच बागेतलं खायला माणूस घाबरतो, यापेक्षा मोठी शिक्षा काय, असं त्यांना वाटे, आणि तेवढ्या शिक्षेवर आपलं भागेल अशी आशाही वाटे.

पौषात महाराज आले. दुसऱ्या दिवशी ज्या घरांत चौका, म्हणजे साधूंसाठीचा शुद्ध स्वयंपाक, व्हायचा होता त्यांत आण्णांचंही घर होतं. बारा वर्षांनी हा योग आला होता आणि रचना चार दिवस पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होती. विहिरीचं पाणी कपड्याने गाळून उकळायचं, धान्य निवडायचं, हातदळणीचं पीठ करायचं. “आन् भाजी आपल्याच वेलाचा दुधी,” ती म्हणाली. “महाराजांना बाजारातलं कशाला? आपली माती कशी हाय, सगळ्या गावाला ठावं हाय.”

स्वतः खायचं नाही ते साधूच्या ओंजळीत घालायचं? संध्याकाळ व्हायच्या आत आण्णांनी पिशवी घेतली आणि गावाच्या कडेला धोंडूबाईच्या घराकडे निघाले. तिच्या पत्र्यावर दुधीचा वेल चढलेला होता, हे त्यांना माहीत होतं. बी त्यांनीच दिलं होतं.

धोंडूबाई दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. त्यांना बघून गडबडीने उठली. “या की आण्णा. काय काम काढलंसा?”

“दोन दुधी पायजेत. कवळे.”

“तुमच्याकडं ढीगभर हाईत की.”

“हाईत. पण जून झाल्यात.”

तिने आणखी काही विचारलं नाही. शिडी लावून दोन कोवळे दुधी तोडले, पदराने पुसले आणि पुसता पुसता थांबली. “महाराजांस्नी हाय काय? मग नीट धुवून घ्या आण्णा. माझा हात लागलाय.”

आण्णांनी दुधी पिशवीत घातले. निघायला वळले, तेव्हा तिने विचारलं, “गांडुळं आली का वं परत?”

“येतील,” आण्णा म्हणाले, आणि भराभर चालायला लागले.

घरी येऊन त्यांनी ते दुधी आपल्या वेलाचे म्हणून रचनाच्या हातात दिले. अन्न तर शुद्ध झालं, त्यांनी स्वतःला समजावलं. त्या बाईच्या मातीत विष नाही, वेलाला विष नाही. मुनींच्या पोटात वाईट काही जाणार नाही. मग काय राहिलं?

काय राहिलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कळलं. आण्णा पांढरं धोतर-उपरणं नेसून, हातात नारळ ठेवलेला कलश घेऊन दारात उभे होते. शेजारी रचना, तिच्याही हातात कलश. पलीकडच्या दारी वृषभ आणि त्याची बायको तशीच उभी. रस्त्याच्या दुतर्फा गाव. महाराज उजव्या हाताची बोटं खांद्याला लावून, मौनात, सावकाश चालत आले. मनात धरलेला नियम जिथं जुळेल त्याच दारी मुनी थांबतात; आज काय नियम धरला होता कोण जाणे, पण आण्णांच्या दारासमोर येऊन ते थांबले. रचनाचे डोळे भरून आले.

आता श्रावकाने, म्हणजे घरच्या यजमानाने, म्हणायचं असतं. आण्णांना ते लहानपणापासून पाठ होतं. “नमोस्तु महाराज, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ, तिष्ठ.” त्यापुढे मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे, घरात प्रवेश करावा. आण्णांनी सगळी खटपट केली होती ती शेवटच्या शुद्धीसाठी. आहार शुद्ध करून ठेवला होता. पण म्हणायला लागल्यावर मन आधी येतं आणि वचन त्याच्या मागोमाग येतं, आणि आहाराची पाळी सगळ्यांत शेवटी.

“मनशुद्धी,” ते म्हणाले. आवाज चिरका निघाला. पुढचा शब्द येईना. रचनाने कोपराने ढोसलं. महाराज समोर उभे होते, शांत, कसलीच घाई नसलेले. आण्णांना त्या नजरेपेक्षा आपल्या हातातल्या नारळाकडे बघणं सोपं वाटलं.

“महाराज, वचन शुद्ध न्हाय माझं,” ते म्हणाले. “मी खोटं बोललोय.”

शुद्धी पुरी म्हटली गेली नाही तिथं आहार घेता येत नाही; महाराज पुढे चालू लागले. वृषभच्या दारी त्याने घाईघाईने सगळं म्हटलं, आणि महाराज त्याच्या घरात गेले. रचना कलश धरून तशीच उभी होती. आण्णांना वाटलं, आता गाव थुंकेल तोंडावर, आणि थुंकलं तर बरंच होईल.

पण गाव थुंकलं नाही. दुपारी बस्तीसमोरच्या मांडवात प्रवचनाला महाराज म्हणाले की आज एका श्रावकाने साधूला आहार द्यायची संधी घालवली पण सत्य घालवलं नाही, असा प्रसंग वर्षानुवर्षं येत नाही. मांडवातली सगळी तोंडं आण्णांकडे वळली. कुणी हात जोडले. वृषभ उठून पाया पडला. “आण्णा, आमच्यात न्हाय एवढं धाडस,” तो म्हणाला. “आमी तर रोज खोटं बोलतोय, तरी खुशाल म्हनलो वचनशुद्धी.” कसलं खोटं, हे कुणीच विचारलं नाही. एवढा सरळ माणूस, याचं खोटं ते केवढं असणार, असं प्रत्येकाने आपापल्या मनाशी धरून टाकलं. आण्णांनी तोंड उघडलं. मग मान खाली घातली. ती खाली घातलेली मानही लोकांना नम्रपणा वाटली, आणि आण्णांना तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पाप केलं तेव्हा ते गप्प राहिले होते. आता पापाबद्दल शाबासकी मिळत होती तरीही ते गप्पच होते.

घरी आल्यावर रचना म्हणाली, “कसलं खोटं ते मला तरी सांगा.”

त्यांनी सांगितलं. संकेश्वरचं दुकान, दाणे, दुधी कुठले ते, सगळं. रचना खाली बसली. महाराज दारातून पुढे गेले म्हणून ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही.

“मी बोलले तिला,” ती म्हणाली. “अकरा बायकांसमोर, तुमच्या तोंडाकडं बघून बोलले. आन् तुमी थर शिकवत हुतासा.” तिने उठून दार उघडलं. “जावा तिच्याकडं,” ती म्हणाली. “मी मागनं येतेच, पण आधी तुमी जावा.”

ते गेले. धोंडूबाई दारातच होती. पातेलं टेकवून भाताची पेज गार व्हायची वाट बघत बसली होती. आण्णा उभ्याउभ्याच बोलले. बसले असते तर पुन्हा काहीतरी गोड सुचलं असतं.

“धोंडूबाई, तुझ्या सोड्याच्या पाण्यानं काय झालं न्हवतं. मी वाफ्यात औषध टाकलंतं. त्यानं मेली गांडुळं. मला ठावं हुतं आन् मी तुझ्यावर जाऊ दिलं.”

तिने वर बघितलं. राग येईल, शिव्या देईल, याची त्यांनी वाटभर तयारी केली होती. ती आपल्या हातांकडे बघायला लागली. उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले.

“म्हंजे माझ्या हातनं न्हाय मेली?”

“न्हाय.”

“खरं सांगतासा?”

“खरं.”

“दोन म्हैनं मी भुईवर ऊन पानी वतलं न्हाय, आण्णा,” ती म्हणाली. “पेजसुदिक गार करून वतत्ये. खाली कोन आसंल, काय म्हाईत म्हनून.” आणि तिने इतका मोठा श्वास सोडला की आण्णांना तिच्याकडे बघवेना. शिव्या खाणं यापेक्षा कितीतरी सोपं होतं. आपण एका माणसाच्या हातात पाप ठेवून आलो आणि ते माणूस दोन महिने ते जपून सांभाळत राहिलं, हे त्यांना आत्ता कुठं कळत होतं.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “उद्यापासनं ये परत कामाला.”

“त्ये बघू मागनं.” ती उठली. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली, आणि उभी राहिल्यावर तिचा आवाज बदलला. “सकाळी तुमी काय म्हनलासा त्ये आलंय माझ्या कानावर. खोटं बोललो म्हनलासा. कसलं, कुनाबद्दल, त्ये न्हाय म्हनलासा.”

“न्हाय.”

“तवाबी नाव घेतलं न्हवतंसा, आन् आजबी न्हाय.”

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

“अकरा बायका हुत्या,” धोंडूबाई म्हणाली. “मला समद्यांची घरं पाठ हाईत. घरोघर जाऊन सांगा.”

“सांगतो. आत्ताच जातो.”

“थांबा. मी संगट येते. तुमी एकटं गेलासा तर गोड करून सांगशीला.”

तिने पायात चपला सरकवल्या. दोघं निघाले, पुढे आण्णा, चार पावलं मागे ती. पहिलं घर रुक्माबाईचं. तिने आण्णांना लांबूनच बघितलं आणि पदर सावरत पायरीवर आली. “या आण्णा, या. आज गावात तुमचंच नाव हाय. आमच्या घराला पाय लागलं तुमचं, लई बरं वाटलं.” मग तिला मागची धोंडूबाई दिसली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“रुक्माबाई, ती गांडुळं मी मारली,” आण्णा म्हणाले. “इखारी औषध टाकून.” एवढं बोलून ते थांबले. रुक्माबाईच्या चेहऱ्यावर आता दया यायला लागली होती. एवढा मोठा माणूस, एवढ्याशा गोष्टीसाठी दारोदार फिरतो.

“आन्?” मागून धोंडूबाई म्हणाली.

“आन् नाव धोंडूबाईवर ढकललं,” आण्णा म्हणाले. “तिचं काम गेलं, तरी दोन म्हैनं गप बसलो.”

रुक्माबाईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा धोंडूबाईकडे. तिची दया हळूहळू चेहऱ्यावरून उतरली, आणि आण्णांना आत या म्हणायचं ती विसरली. ते पायरी उतरले. अजून दहा घरं होती.